पाचाला आठ

"पाचाला आठ," भालचंद्रपंत म्हणाले आणि त्यांनी चटईवर मांडलेल्या तुकड्यांवर फूटपट्टी आडवी ठेवली. "रुंदी पाच तर लांबी आठ. डोळ्याला सुख देणारं हेच एक प्रमाण. बाकी सगळी ठिगळं."

सुहासिनीबाईंनी सुईत दोरा ओवला. कलकत्त्यात भवानीपूरच्या या दोन खोल्यांत तीस वर्षं त्या पाचाला आठ ऐकत होत्या. पंत शाळेत गणित शिकवत, आणि घरी आल्यावर शाळा सुटली आहे हे त्यांच्या गावीही नसे. पडदे पाचाला आठ, देवाचा पाट पाचाला आठ. पोळी गोल असते म्हणून वाचली.

"आणि गोधडी एवढीशी कशाला?"

"मंडळाच्या प्रदर्शनात भिंतीवर टांगायचीय. लहानच हवी म्हणालेत."

खोटं सफाईनं बोलून झालं. प्रदर्शन वगैरे काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शकुननं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, छापखान्यात काम करणाऱ्या बंगाली मुलाशी लग्न केलं आणि पंतांनी तिचं नाव या घरात घ्यायचं नाही असं बजावलं. महिन्यापूर्वी शेजारच्या सरोजच्या पत्त्यावर बराकपूरहून कार्ड आलं होतं. मुलगी झाली. त्याच दिवशी सुहासिनीबाईंनी जुन्या लुगड्यांची ट्रंक उघडली. नातीच्या अंगाखाली आजीच्या हातची गोधडी जाणार म्हणजे जाणार. मग घरात काय व्हायचं ते होवो.

रविवारी पंत खिदिरपूरला चारुदत्तांकडे बुद्धिबळाला निघाले. अलीकडे त्यांचं खिदिरपूर फारच वाढलं होतं. जाताना त्यांनी फूटपट्टी छत्रीत खुपसली. सुहासिनीबाईंना हसू आलं. बुद्धिबळाचा पटसुद्धा मोजतील, काय सांगावं!

संध्याकाळी परत आले ते चौकटींचा कागद आखायलाच बसले. मधोमध तांबडा चौकोन, भोवती पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर आकडा.

"वीस इंच बाय छत्तीस. एक दोराही इकडेतिकडे नको."

सुहासिनीबाईंनी कागद हातात घेतला. तीस वर्षांच्या संगतीनं त्यांनाही पाढे यायला लागले होते.

"पाचाला आठ, तर विसाला बत्तीस. हे छत्तीस कुठून आले?"

पंतांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"गणित तुला कळायचं नाही. सांगतो तेवढं कर."

हे मात्र सुहासिनीबाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी कागदाची चार पदरी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारली.

"गणित तुमचं, सुई माझी. माझी आजी कुठल्या शाळेत गेली होती? तिच्या गोधड्या चाळीस वर्षं टिकल्या. मी वितीनं मोजते. कुठं थांबायचं ते माझ्या हाताला कळतं."

पंत फूटपट्टी उचलून आत गेले. एरवी त्यांनी फळ्याशी उभं करून सिद्ध करून दाखवलं असतं. सुहासिनीबाईंना जरा नवल वाटलं, पण जिंकल्याच्या भरात ते फार टिकलं नाही.

मग त्यांनी मनासारखी गोधडी केली. जिथं पंतांनी निळी पट्टी दाखवली होती तिथं शकुनच्या परकराचा हिरवा तुकडा लावला. तांबडा चौकोन मधून काढून कडेला नेला, दोन पावलं मागं जाऊन पाहिला, उसवला, अजून थोडा खाली आणला. तिथं तो बसला. का बसला ते कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. बाळ वाढणार, म्हणून चहूकडून अजून चार बोटं वाढवली.

अस्तर तेवढं राहिलं. तान्ह्या बाळाच्या गोधडीला आजोबांचं धोतर लावायचं ही त्यांच्या माहेरची रीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि घरच्या माणसाचं. पण मागायचं कुठल्या तोंडानं?

गुरुवारी पंतांनी आपण होऊन एक जुनं धोतर पुढं टाकलं. "काठ फाटलाय. बघ, अस्तराला चालतं का."

सुहासिनीबाईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. गणिताच्या मास्तराला बायकांच्या रीती काय ठाऊक!

पुढच्या बुधवारी पंत शाळेत गेले आणि सुहासिनीबाईंनी गोधडी पिशवीत घातली. चोरासारखं जायचं आणि चोरासारखं यायचं, हे त्यांना आता पटेना. टाक्यांइतक्याच ठाम अक्षरांत त्यांनी चिठ्ठी लिहून फूटपट्टीखाली ठेवली. 'मी शकुनकडे जाते आहे. तुम्हाला विचारलं नाही, विचारणारही नाही. परत आल्यावर दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.' एक अक्षरही खोडलं नाही. ट्रामनं सियालदा, तिथून बराकपूरची गाडी. गाडीत त्या ताठ बसून होत्या. तीस वर्षांचं घर आज संध्याकाळी आपलं राहील की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

शकुननं दार उघडलं आणि दोघी उंबऱ्यातच रडल्या. मग नात मांडीवर आली. कपाळ थेट पंतांचं. सुहासिनीबाईंनी डोळे पुसले, पिशवी उघडली आणि गोधडी पाळण्यात पसरली. चहूबाजूंनी ती चार चार बोटं वर चढली.

"वाढेल तशी पुरेल," त्या म्हणाल्या.

शकुन कडा दुमडता दुमडता थांबली.

"पण आई, एवढी मोठी कशी झाली? त्या रविवारी बाबा फूटपट्टी घेऊन आले होते की. वीस बाय छत्तीस. दोनदा मोजला त्यांनी पाळणा."