पहिल्या रांगेतलं तिकीट

"पहिली रांग? आणि तीही वाटेकडची खुर्ची?" हाशिरने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "चाचा, मान मोडेल तुमची."

"मोडू दे. उद्या विमानात टेकायचीच आहे," वहाबचाचा म्हणाले आणि पाण्याची बाटली काखेत मारून आत गेले.

दारावर तिकिटं तपासणाऱ्या हाशिरला हसावं की रडावं कळेना. चाचा सौदीतल्या जुबैलच्या या थिएटरात ऑपरेटर, म्हणजे पिक्चर चालवणारे. त्याआधी खेडच्या टॉकीजमध्ये त्यांनी तेच केलं होतं. "पहिल्या रांगेतला माणूस पिक्चर बघत नाही, हिरोच्या नाकपुड्या बघतो," हे त्यांचंच वाक्य. आणि आज आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढलं, तर नेमकं तिथलं!

तिकीट काढायची पाळी आली ती रियाधच्या हेडऑफिसमुळे. यापुढे सगळे खेळ रियाधहून कॉम्प्युटरवर चालणार, जुबैलला ऑपरेटर नको, असा फतवा निघाला होता. चाचांच्या हातात एक्झिटचा, म्हणजे कायमचं मायदेशी परतायचा, कागद पडला. उद्याचं विमान. खेडला धाकटी लेक अदिबा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, अजून दोन वर्षं बाकी. पण चाचा त्यावर चकार शब्द बोलत नव्हते. बॅगसुद्धा भरली नव्हती. माणूस धक्क्याने सुन्न झालाय, असं त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या हाशिरला वाटत होतं आणि त्याचा जीव तुटत होता.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर हिंदी पिक्चर असायचा. कॅम्पांच्या बसेस भरून वेल्डर, फिटर, पाइपवाले यायचे. दोनशे माणसं, सगळी घरापासून लांब, सगळी हौशी. बाकी खेळ इथे सलग चालायचे, पण चाचांना ते पटेना. "मध्यंतर नसलेला पिक्चर म्हणजे मीठ नसलेली आमटी," असं म्हणून त्यांनी मॅनेजरच्या मागे धोशा लावला. मॅनेजर रय्यान हा जुबैलचाच तरुण सौदी. त्याने मध्यंतरात खपलेले समोसे पाहिले आणि शुक्रवारपुरती मान डोलावली.

तेव्हापासून दर शुक्रवारी तोच क्रम. चाचा वरून पिक्चर थांबवायचे, खाली उतरायचे आणि बाटली हातात घेऊन पडद्याजवळच्या दारातून चहाला निघायचे. दिवे सावकाश उजळत. पण दिव्यांची वाट बघतो कोण? चाचा दाराकडे निघाले की मध्यंतर झालं, एवढं सगळ्यांना ठाऊक.

आज पिक्चर रियाधहून सुरू झाला. हिरो दरीवर दोराला लोंबकळत होता. वर व्हिलन सुरी परजत होता. अगदी त्याच क्षणी चाचा उठले, बाटली उचलली आणि दाराकडे चालू लागले.

पहिली रांग उठली. मग दुसरी. "चला, इंटरव्हल!" कुणीतरी ओरडलं, आणि बघता बघता दोनशे माणसं बाहेर. आत हिरो रिकाम्या खुर्च्यांपुढे लोंबकळत राहिला.

"चाचा, काय केलंत हे! मध्यंतर बंद झालंय ना!" हाशिर धावत आला.

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! सवय रे, सवय!"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. हाशिरला त्यांची भयंकर दया आली.

चहा-समोसे आटोपून लोक परत आले, तर पडद्यावर हिरोचं लग्न होऊन त्याला दोन पोरं झालेली. मग चिपळूणचा पांडू फिटर खुर्चीवर चढला.

"दोराचं काय झालं?"

"दोर दाखवा! दोर दाखवा!" दोनशे गळे एका सुरात ओरडू लागले. आता पाय आपटायला सुरुवात झाली.

रय्यानने घाईघाईने रियाधला फोन लावला. तिकडे सुट्टीच्या दिवसाचा एकच माणूस. तो म्हणाला, पिक्चर मागे घ्यायचा तर लेखी अर्ज लागतो, ऑफिस रविवारी उघडेल. रय्यानने फोनकडे पाहिलं, पाय आपटणाऱ्या लोकांकडे पाहिलं, मग चाचांकडे.

"वहाबभाई, इधर से पीछे लेना आता है?"

"आता है, साहेब. लेकिन मेरा तो एक्झिट का कागज..."

"खलास! कागज मेरे को दो. यल्ला, उपर जाओ!"

चाचा दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले. दोन मिनिटांत हिरो पुन्हा दोराला लटकला आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणून गेलं. त्या दिवशी विमानाचं तिकीट रय्याननेच रद्द करवलं. रविवारी त्याने रियाधला सगळी हकीकत तिखटमीठ लावून कळवली. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं: जुबैलचा ऑपरेटर कायम ठेवावा, मध्यंतरासकट.

हाशिर ती बातमी घेऊन पळतच खोलीवर आला. चाचा नळाखाली बाटली विसळत होते. त्याने त्यांना मिठीच मारली.

"नशीब बघा चाचा! तुम्ही चुकून उठलात, आणि नोकरी वाचली. आता सांगा तरी, पहिल्या रांगेत कशाला जाऊन बसला होतात?"

चाचांनी बाटली पालथी घातली.

"अरे येड्या, मागच्या रांगेतनं उठलेला माणूस कुणाला दिसतो?"