तिळाएवढा डाग

"यामा काहीच नही शे," म्हणत लीलाधर आबांनी भिंग खाली ठेवलं.

काउंटरपलीकडचा कुंदनशेठ हसला. "आबा, काही नाही म्हणून तर त्याला मोल आहे."

"दुसरा दखाडा, भाऊ."

हा पाचवा खडा होता. ज्वारीच्या दाण्याहून लहान, नाकातल्या चमकीसाठी. आबांच्या शेजारी त्यांची मुलगी नूतन पर्स मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी ती धुळ्याहून निघाली. पारोळ्याला आबा त्याच बसमध्ये चढले. तिनं त्यांच्यासाठी खिडकी धरून ठेवली होती, पण जळगाव येईपर्यंत त्यांनी बाहेर एकदाही पाहिलं नाही. तिच्या मुलीचं, पुनमचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

कुंदनला वाटलं, म्हाताऱ्याला हिऱ्यातलं कळत नाही. त्यानं समजावून सांगितलं. "अगदी निर्मळच हवा असं नाही, आबा. कडेला पांढरा ठिपका असला तर खुशाल घ्यावा, सोन्याच्या नखाखाली झाकला जातो. आत धुकं असलं तर नको, चमक मरते. आणि कडेपर्यंत आलेली चीर तर मुळीच नको. बसवताना खडा फुटतो."

"अन् काळा दाग?"

"मधल्या भागात? तो लग्नाच्या गिऱ्हाइकाला आम्ही दाखवतच नाही."

"तोच दखाडा."

"आबा!" नूतननं त्यांच्या दंडाला हात लावला. "नवरीला डागाचा हिरा? तिच्या सासरी काय म्हणतील?"

"तुन्ही मायना नाकमा एकतीस वरीस व्हता. कोन्ही इचारं?"

कोणीच विचारलं नव्हतं. नूतनलाही तो डाग आत्ताच कळत होता. आईची चमकी तिनं इतकी वर्षं पाहिली होती, पण भिंगातून नाही.

आबा कुंदनशी बोलू लागले. तो हिरा याच दुकानातून नेला होता. तेव्हा गादीवर कुंदनचे वडील, मोतीलालशेठ होते. त्यांनी भिंग आबांच्या पत्नीपुढे, कमलबाईंपुढे धरलं, तर त्यांनी ते नवऱ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "मन्ह नाक माले कोठे दिखस? तुम्हीच देखा." मग आबांनीच पाहिलं. एक काळा ठिपका, भिंगात तिळाएवढा. शेठ म्हणाले, आठ दिवस घरी ठेवा, लाभतो का बघा, नाहीतर परत आणा. पाचव्या दिवशी आबा मोटारसायकलवरून पडले. पाय मोडला. घरचे सगळे म्हणाले, परत करा तो डागाचा खडा.

"मग?" कुंदननं विचारलं.

"ती कशी दी? म्हने, पायवरच भागनं ते हिरा व्हता म्हनीसन. नहीते जीववर उनं असतं." आबा जरासे हसले. "तिन्हापुढे कोन बोली?"

कुंदनही हसला. "मग तीच चमकी द्या ना नातीला. आजीची खूण."

आबांनी काउंटरच्या काचेवर बोट टेकवलं आणि तिथंच ठेवलं.

"पुनमले कबूल करेल व्हती तिन्ही," ते म्हणाले. "शेवटला दिन बाया काढाले लागन्यात. मी काढू दिधी नही. म्हनं, राहू द्या तिन्हा नाकमा. माले पुनमनं ध्यानच नही राह्यनं."

नूतननं मान वळवली. तेराव्यानंतर पुनमनं एकदाच विचारलं होतं, आजीची चमकी कुठं आहे म्हणून. आबा तेव्हा ओसरीवर होते. पुनमनं पुन्हा विचारलं नाही. आबांनी ते ऐकलं होतं, हे नूतनला आज समजत होतं.

कुंदन उठला. आतल्या कपाटातून त्यानं कागदाची एक जुनी पुडी आणली आणि पांढऱ्या कागदावर रिकामी केली. मोडीत आलेले, मागे पडलेले खडे. त्यानं एकेक चिमट्यात धरला. आबा एकेक पाहत गेले. भिंग धरलेल्या हाताला नूतननं खालून मनगटाशी आधार दिला.

"हाऊ!" आबा एकदम म्हणाले.

कुंदननं तो खडा स्वतः पाहिला. "डाग आहे, आबा. पण शेजारी चीर कडेपर्यंत गेलीय. हा नातीच्या नाकात टिकणार नाही. मी देणार नाही."

आबांनी पुन्हा भिंग लावलं. आणखी सात-आठ खडे गेले. मग एकावर ते बराच वेळ थांबले.

"शे," ते हळूच म्हणाले. "तितलाच शे." आणि भिंग खाली आलं. "पन हाऊ नाकना अंगे शे. तिन्हा गालना अंगे व्हता."

नूतननं काही म्हणायच्या आत कुंदननं खडा कागदावर ठेवला. चिमट्याच्या टोकानं हलकेच अर्धा फिरवला.

"गोल खडा आहे, आबा. आता पाहा."

आबा वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग भिंग त्यांनी नूतनच्या हातात दिलं.

नूतननं पाहिलं. उजेडाच्या मधोमध नाही, जरा बाजूला, एक काळा तीळ. आईच्या समोर बसून जेवणाऱ्या माणसाला तो रोज कुठं दिसत असेल, ते तिला दिसलं.

"कारागिराला खूण करून देतो," कुंदन म्हणाला. "डाग गालाकडेच राहील." त्यानं खडा नव्या पुडीत घातला, घड्या घातल्या आणि वडिलांच्या सवयीनं म्हणाला, "पण आधी आठ दिवस घरी न्या, आबा. लाभतो का बघा."

आबांनी पुडी घेतली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात धरला.

"आठ दिन कसाले, भाऊ?" ते म्हणाले. "एकतीस वरीस लाभना."