चारही रंग उत्तम

"परवानगी नाही," मशीन पुन्हा गोड आवाजात म्हणालं. निषेधाचा मजकूर सोडाच, नुसता काळा फ्लेक्ससुद्धा ते छापत नव्हतं. गावात काळं कापड विकायला केव्हाचीच बंदी होती, आणि उद्या मंत्री तलाव बुजवायच्या कामाचा नारळ फोडणार होते.

दुकानाच्या मालकीण वत्सलाताईंनी पदर खोचला. "यासीन, छपाईचे हेड साफ करायला घे."

"ताई, कालच केलेत."

"परत कर. नळ्याही धू, पिवळ्याचा थेंब राहता कामा नये. मग चारही टाक्यांत काळी शाई ओत."

यासीन बघतच राहिला, मग हसत कामाला लागला. सफाईनंतरची, चारही रंगांच्या पट्ट्यांची रंगचाचणी छापायला मशीनला कुणाची परवानगी लागत नसे. आणि ते टाकीवरचं नाव वाचायचं, आतली शाई नाही.

हेडवरची वाळलेली शाई निघाली, नळ्या लख्ख झाल्या. यासीननं चाचणीचं बटण दाबलं. दहा फुटी फ्लेक्स बाहेर सरकू लागला, या काठापासून त्या काठापर्यंत काळाकुट्ट.

"चाचणी यशस्वी," मशीन म्हणालं. "चारही रंग उत्तम."

वत्सलाताईंनी कात्री उचलली.

"दाबत राहा. अख्ख्या गावाला झेंडे पुरले पाहिजेत."