निरोप घेतला

सासऱ्यांच्या उशाशी घुमणारं ऑक्सिजनचं मशीन एकाएकी थांबलं. पंखा मात्र फिरत होता. सुनेने घरपोच शुश्रूषा पुरवणाऱ्या एजन्सीला फोन लावला. “ताई, फार वाईट वाटलं,” तिथली मुलगी हळू आवाजात म्हणाली. “कसलं वाईट? मशीन बंद पडलंय, बाबांना धाप लागलीय.” पलीकडे कीबोर्ड खडखडला. “सकाळी जाताना सिस्टरांनी ॲपमध्ये ‘निरोप घेतला’ दाबलंय.” “मग निघताना माणूस निरोपच घेणार ना?” “ते पेशंट गेल्यावर दाबायचं असतं. दाबलं की बिलिंग संपतं आणि काही तासांनी आमचं भाड्याचं मशीन आपोआप लॉक होतं.” “उघडा मग.” “गेलेल्यांचं खातं उघडत नाही. बाबांची नवी नोंदणी करते.” “करा, पण लवकर.” सासऱ्यांचे ओठ निळे पडू लागले होते. नाव, जन्मतारीख सांगून झाली. मुलगी घुटमळली. “ताई, सिस्टिम नोंदणी नाकारतेय. म्हणतेय, हे गृहस्थ सकाळीच वारले.”