विमानाची टोपी

“हीही धुरकट,” तो म्हणाला. हातातली टोपी त्याने भंगाराच्या खोक्यात टाकली आणि ओव्हन बंद केला.

टोपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक आवरण. तो शहरातल्या बसचा ड्रायव्हर होता, आणि गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी मागच्या खोलीत जुन्या काळच्या एका लढाऊ विमानाची मोठी प्रतिकृती घडवत होता. लहानपणी अशी विमानं त्याच्या घराच्या छपरावरून जायची. विकतचं त्यात काही नव्हतं. लाकडाचा साचा तासायचा, प्लॅस्टिकचा पत्रा चौकटीत आवळून ओव्हनमध्ये तापवायचा, त्याला झोळ पडला की साच्यावर दाबायचा. साच्याखाली भोकं पाडलेली पेटी आणि पेटीला व्हॅक्यूम क्लीनरची नळी. हवा ओढली गेली की मऊ प्लॅस्टिक साच्याला गच्च बिलगायचं. क्लीनरचं बटण बायकोकडे. तो “हं” म्हणाला की तिने दाबायचं. जरा उशीर झाला की पत्रा गार, आणि मेहनत पाण्यात.

पंख एवढे लांब झाले होते की विमान दारातून निघणार नव्हतं. बाहेर कसं काढणार, असं लेकीने फोनवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, मी भिंत पाडतो, तू फक्त आईला समजाव.

पण अलीकडे तो असलं काही बोलत नसे. सगळं विमान झालं आणि टोपीवर येऊन अडलं. पहिली टोपी धुरकट निघाली. त्याने पत्रा बदलला. मग साचा पुन्हा घासला. मग ओव्हनवर खापर फोडलं. एकदा तर बायकोवरच घसरला, तू शेजारच्या खोलीत झाडलंस, धूळ बसली. पुढच्या वेळी तिने फरशी दोनदा पुसून घेतली. तीही टोपी त्याने खिडकीशी धरली, डोळे बारीक केले आणि खोक्यात टाकली.

आज तो आंघोळीला गेल्यावर तिने ओट्यावर अर्धं लिंबू चिरून ठेवलं. माश्या घोंगावत होत्या. झाकायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तिने खोक्यातली मघाची टोपी आणून लिंबावर उपडी घातली आणि भांडी विसळायला वळली. परत पाहिलं तर लिंबू उघडंच आहे असं तिला वाटलं. हात पुढे केला, तो प्लॅस्टिकवर आपटला. आतल्या बिया मोजता येत होत्या.

तिने खोकं आणलं. एकेक टोपी डोळ्यांसमोर धरून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवरच्या दोरीचा पीळसुद्धा दिसत होता. एकही धुरकट नव्हती.

सासूबाईंच्या डोळ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी त्या चष्म्याला नावं ठेवायच्या, मग दिव्याला. शेवटी हिनेच त्यांना हात धरून मोरीपर्यंत नेलं होतं. ती मागच्या खोलीत गेली. विमानाच्या शेपटीकडचे, खिळे वाटावेत म्हणून त्याने काढलेले ठिपके सुईने टोचल्यासारखे एका रेषेत होते. नाकाकडचे, अलीकडे केलेले, वर-खाली झाले होते. हे तिच्या आधी कसं लक्षात आलं नाही? आणि हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होता. भरलेली बस, शाळेची पोरं, आडवी येणारी म्हातारी माणसं. घरी येऊन प्रवाशांच्या गमती सांगणंही त्याने बंद केलं होतं. दमत असेल, एवढंच तिला वाटलं होतं.

आंघोळ करून आला आणि लगेच नवा पत्रा आवळायला बसला. एकदा शेवटचं बघू, म्हणाला. ती क्लीनरपाशी जाऊन बसली. पत्रा तापला, त्याला झोळ पडला. त्याने चौकट बाहेर काढून साच्यावर दाबली.

“हं,” तो म्हणाला.

तिने बटण दाबलं नाही.

“हं, अगं!”

पत्रा सुरकुतला आणि तसाच गार झाला. आता हा भडकणार, हे तिला माहीत होतं. तरी तिने आवाज ताठ ठेवला.

“टोप्या सगळ्या स्वच्छ आहेत. मी बघितल्या. उद्यापासून गाडीवर जाऊ नका. माणसं असतात हो गाडीत.”

तो भडकला नाही. हातमोजे काढून त्याने नीट एकावर एक ठेवले आणि स्टुलावर बसला. मग खाली बघत सांगायला लागला. पहिली टोपी त्याने डब्याच्या पिशवीतून डेपोत नेली होती. त्याच्या कंडक्टरने ती डोळ्यांवर धरून पेपरातली बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवली होती. त्याच दिवशी साहेबांना सांगून त्याने गाडी चालवणं सोडलं. तेव्हापासून तो डेपोत बस धुतो. डॉक्टरकडेही एकटाच जाऊन आला. आईचंच दुखणं होतं. जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

इतके दिवस हे सगळं त्याने एकट्याने पोटात ठेवलं, याचं तिला रडू येत होतं, आणि धुळीवरून ऐकून घेतलेलं आठवून रागही.

“पहिलीच स्वच्छ होती हे माहीत होतं,” ती म्हणाली, “मग बाकीच्या कशाला केल्यात?”

त्याने वर बघितलं, तिच्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे.

“म्हटलं, डॉक्टर काहीही म्हणोत, एखादी तरी मला स्वच्छ दिसेल.”