मधलं चाक

मी गिअरबॉक्सची ड्रॉइंग करतो, मॅनेजर ती मालकांपर्यंत पोचवतात. मी "तीन आठवडे लागतील" म्हटलं की मालकांच्या कानावर "तीन दिवसांत देतो" असं पडतं, आणि बोलणी मी खातो. मॅनेजरांना गिअरमधलं कळतं ते एवढंच, की तो गोल असतो.

नव्या कन्व्हेयरच्या ड्रॉइंगवर त्यांनी तीनपैकी मधल्या चाकावर पेन आपटलं.

"याने वेग वाढतो?"

"नाही."

"जोर?"

"नाही, पण..."

"मग हे ऐतखाऊ कशाला पोसायचं? काढा."

काढलं. उरलेली दोन चाकं थेट एकमेकांना भिडवली. चाचणीच्या दिवशी पट्टा उलटा फिरला आणि खोकी मालकांच्या पायावर येऊन पडली.

"तीन दिवसांत देतो म्हणालात, ते हेच?" मालकांनी पहिल्यांदाच थेट मला विचारलं.

"मी तीन आठवडे म्हणालो होतो, साहेब. आणि मधलं चाक मॅनेजरांनी काढायला लावलं. ते स्वतः काही करत नाही, नुसतं एकीकडून आलेलं दुसरीकडे उलटं करून देतं."

मालकांनी मॅनेजरांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.


"हे चाक परत बसवा. दुसरं मी काढतो."