कमरेएवढी भिंत

"तानाबाई, गोळी!"

शेजारच्या अंगणात स्कूटी थांबली, गावच्या आशा सेविकेची, प्रेरणाची हाक आली आणि साधनाच्या हातातला चहा तसाच राहिला. आई गेल्यापासून आठ दिवस ती ही हाक ऐकत होती. उद्या आईचं पुण्यानुमोदन, तिच्या आठवणीतली बुद्धवंदना. हाक मात्र एक दिवस चुकली नव्हती.

तानाबाई पाण्याचा गिलास घेऊन ओट्यावर आली. प्रेरणानं गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. रोज गिळून झाल्या की प्रेरणा "आ करा" म्हणायची, तानाबाईनं लहान पोरीसारखी जीभ उचलून दाखवायची आणि मग कार्डावर खूण व्हायची. दाराशी पोषण आहाराची पिशवी होती. वजन किती वाढलं हे विचारायला यवतमाळहून फोन यायचा. तानाबाईला टीबी होता.

साधनाच्या आईला साखर होती. साखरेच्या गोळ्या महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रावरून आणायच्या. त्या खाल्ल्या की नाही, कुणाला पडली होती? पायाची जखम चिघळून आईला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोळ्या किती दिवसांपासून बंद आहेत?" साधनाला सांगता आलं नव्हतं.

तानाबाईचं वजन चार किलो वाढलं होतं. ते चारही किलो साधनाच्या डोळ्यांत खुपत होते.

चहा ठेवून ती दोन घरांमधल्या भिंतीपाशी गेली.

"प्रेरणाताई, सहा महिने तुम्ही इथं रोज येता. दहा पावलांवर माझी आई होती. तिला एकदा तरी 'आ करा' म्हटलं?"

प्रेरणा थबकली. "साधनाताई, त्यायले तं मी रोज पाहत होती. इथंच, तुम्ही आहे तिथंच उभ्या राहायच्या. तानाबाईनं गोळी घेतली का आपली तोंडात टाकायच्या. 'माह्याकडं बी पाह्य वं' म्हणायच्या. एक दिवस चुकवला नाही त्यायनं. मी मीटिंगमध्ये सांगत होती, साखरेचा पेशंट असावा तं असा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो सर. डेंग्यूचे दोन निघाले. बीपीची यादी संध्याकाळी देते. साखरेची उद्या, सर, एकटी आहे मी..." बोलत बोलत ती फाटकाबाहेर गेली.

तानाबाईनं गोळ्या अजून तोंडात टाकल्या नव्हत्या. मानही वर केली नव्हती.

"मावशी?"

"फुटाणा होता थो, पोरी."

"काय?"

"गोयी नव्हती. दोन महिने तुही माय फुटाणा गियत होती. गोया सरल्या. केंद्रावर जा लागे, आन् पाय टेकत नव्हता. प्रेरणाले सांगतलं असतं तं तिनं पाय पाह्यला असता, यवतमायले धाडलं असतं. तुह्या मायले वाटे, तिथं पाय कापतीन. म्हणून भिंतीच्या मांगं उभी राहे. इकडून कमरेवरचीच दिसे."

"मग उभी तरी कशाला राहायची?"

"कोणी पाह्यते ना सकाळी सकाळी." तानाबाई किंचित हसली. "मले म्हणे, तानी, तुले टीबी काय झाला, राणीच झालीस तू. रोज कोणी तरी नाव घेऊन हाक मारते."

साधना दर रविवारी फोन करायची. गोळी घेतली? आई म्हणायची, घेतली वं, घेतली. एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. खरं काय ते भिंतीपलीकडच्या बाईला ठाऊक होतं.

"तुम्ही एक फोन करायचा होता मला. एकच."

"तिनं शपथ घातली होती."

"शपथेसाठी गप्प राहिलात?"

तानाबाईनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

"नाई," ती म्हणाली. "मले टीबी निघाला तं माही सून नातवाले घेऊन माहेरी गेली. माह्या अंगणात कोणी पाय ठेवत नव्हतं. तुही माय तेवढी भिंतीशी येऊन उभी राहे. तुले सांगतलं असतं तं तू तिले घेऊन गेली असतीस."

भिंतीला हात टेकून साधना खाली पाहत राहिली. पायाशी एक वीट होती. विटेवर कापडाची घडी, वर पाय ठेवून ठेवून दबलेली. कापड ओळखीचं होतं. शाळेतली तिचीच निळी ओढणी.

फाटक वाजलं. प्रेरणा परत येत होती.

"हे काय, अजून हातातच? चला, घ्या."

तानाबाई भिंतीकडे पाहत थांबली होती.

साधनानं चप्पल काढली. उजवा पाय उचलून त्या घडीवर ठेवला आणि भिंतीला टेकून सरळ उभी राहिली. पलीकडून तिचंही कमरेवरचंच दिसत होतं.

तानाबाईनं गोळ्या गिळल्या.

"आ करा," प्रेरणा म्हणाली.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना तोंडं उघडली.